गोधडीवरचा दुसरा हात

१

त्रेसष्ट सालची दिवाळी आटोपली आणि इंदू माझ्याकडे बाळंतपणाला आली. आई आम्हा दोघी बहिणींच्या लहानपणीच गेलेली, त्यामुळे तिचं माहेर म्हणजे मीच. लोणावळ्यात रेल्वेलाइनच्या पलीकडे आमचं भाड्याचं घर होतं. पुढे दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे एक लांबट खोली. त्या खोलीत कोळशाचं पोतं, रिकामे डबे आणि माझी लग्नातली ट्रंक. माझे यजमान केशवराव रेल्वेच्या ऑफिसात होते. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. शाळा सकाळची, त्यामुळे दुपार माझी असे.

इंदूची ही तिसरी खेप. पहिलं मूल जन्मलं ते रडलंच नाही. दुसरा मुलगा थोडे दिवस राहिला आणि एका पहाटे गेला. त्याच्यासाठी तिनं आधीपासून स्वेटर, टोपडी, पायमोजे विणून ठेवले होते. त्यांचं पुढे काय केलं, ते तिच्या नवऱ्यालाही, माधवरावांनाही, ठाऊक नाही. या वेळी आल्या आल्या तिनं मला बजावलं.

"ताई, घरात काही आणायचं नाही. लंगोटसुद्धा नाही. बाळ आलं की मग बघू."

"बरं," मी म्हटलं.

पण मनाला पटेना. दिवस पौषात भरणार होते. आमच्याकडे पौषात सकाळी नळाखाली हात धरवत नाही. मूल आल्यावर त्याला गुंडाळायचं कशात? माझ्या ट्रंकेत आईची दोन जुनी लुगडी होती, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. मी ठरवलं, इंदूला कळू न देता बाळाची गोधडी शिवायची आणि ती नीट घरी आली की हातात द्यायची. माझ्याकडून बाळंतविडा.

शिवणकामात मी अगदी कच्ची. माझे टाके एक लांब, एक आखूड, आणि ओळ म्हणाल तर वळण घेत निघालेली. पण बाळाला काय कळतंय, असं म्हणून मी रोज जेवणं झाली आणि इंदूचा डोळा लागला की मागच्या खोलीत जाऊन बसायची. खिडकीतून ऊन फरशीवर यायचं. लुगड्यांचे पदर एकावर एक घालून मी कडेने सुरुवात केली होती. गोधडीला असंच शिवतात, कडेने एक फेरी, तिच्या आत दुसरी, असं करत मध्याकडे यायचं. मागे घाटाकडे जाणाऱ्या गाड्या खडखडत जात. इंदू पुढच्या खोलीत झोपलेली. मला तो तास फार आवडायला लागला होता.

२

एके दिवशी सुई होती तिथेच टोचून मी उठले. इंदूनं हाक मारली होती. ओळ एका बाजूच्या निम्म्यावर आली होती, हे मला आठवतं, कारण कोपरा कसा वळवावा याची मला धास्ती होती आणि तो उद्यावर गेला म्हणून बरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी गोधडी उलगडली तर कोपरा वळला होता.

आणि वळला होता तो किती सुरेख! टाके कोपऱ्याशी येता येता किंचित बारीक झाले होते, वळल्यावर पुन्हा पहिल्यासारखे. कापड कुठे आवळलं नव्हतं, कुठे फुगलं नव्हतं. मी बोट फिरवून पाहिलं. माझी ओळ बोटाला खडबडीत लागत होती आणि जिथून ती दुसरी ओळ सुरू झाली तिथून बोट पाण्यावरून गेल्यासारखं जात होतं.

मी आधी स्वतःलाच हसले. काल बरीच शिवली असेन, मन दुसरीकडे असेल. कधी कधी हात आपोआप चांगला चालतो, मुलींना नाही का एखाद्या दिवशी सगळी गणितं सुटत! मी पुढे शिवायला घेतलं. माझे टाके पुन्हा माझ्यासारखेच आले.

उठताना शाळेतून आणलेल्या निळ्या खडूने सुईपाशी रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी रेघ मागे राहिली होती. सुई पुढच्या बाजूला जाऊन पोचली होती.

मग इंदूवर संशय आला. तिचा हात चांगला होता. पण तिला वाकून खाली बसता येत नव्हतं, आणि कोळशाच्या वासाने उलटी होते म्हणून ती मागच्या खोलीकडे फिरकतही नव्हती. तरी मी आडून विचारून पाहिलं.

"इंदू, वेळ जात नसेल तर काही शिवायला, विणायला देऊ का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला बोलल्याचं वाईट वाटलं. "मी सुई हातात धरणार नाही, ताई. बाळ येईपर्यंत नाही."

त्या दिवसापासून मी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला ठेवली. ओळी वाढतच राहिल्या. रिळावरचा दोरा मात्र होता तेवढाच होता. तो कमी होत होता फक्त माझ्या शिवण्यानं.

३

ह्यांना सांगितलं. हे माणूस चांगले, पण ऑफिसातून आल्यावर कपबशीत तोंड घालून ऐकणारे.

"तूच शिवतेस आणि विसरतेस," हे म्हणाले. "बहिणीची काळजी आहे तुला. डोकं जागेवर नसतं."

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. मी गणिताची बाई. दोन आणि दोन पाच झाले तर आधी आपलीच बेरीज तपासायची, ही माझी सवय. म्हणून आठवडाभर मी सुईला हातच लावला नाही. खोली बंद, किल्ली कमरेला.

त्याच आठवड्यातली एक दुपार. इंदू झोपली होती. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसले होते. बाहेर एकही गाडी नव्हती, आणि गाडी नसली की आमच्या घरात अगदी सामसूम असे. मला मागच्या खोलीतून आवाज आला.

गोधडी शिवताना सुई कापडात शिरते त्याचा आवाज होत नाही. आवाज होतो तो दोरा ओढताना. लांब, बारीक सर्र, आणि दोरा ताणला गेला की शेवटी हलकेच टप्. मग जरा थांबून पुन्हा सर्र, पुन्हा टप्. घाई अजिबात नाही. हाताला काम ठाऊक असलेल्या बाईचा तो आवाज होता. मी निवडलेल्या तांदळात परत खडे मिसळले, एवढी मी तिकडे कान देऊन बसले होते.

उठून दाराशी गेले. कुलूप होतं. कडीला हात लावला आणि आवाज थांबला. घाबरून थांबावा तसा मुळीच नाही. कुणी आलंय म्हणून काम बाजूला ठेवावं, तसा.

कुलूप काढून आत गेले. आत कुणी नव्हतं. ऊन फरशीवर होतं आणि गोधडी उन्हात पसरलेली होती. मी ती घडी करून ट्रंकेवर ठेवलेली होती. मी सुई उचलली. ती गरम होती. उन्हानं असेल म्हणून मी बाजूचा पितळी डबा चाचपला. तो गार होता.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीच.  पण त्याच वेळी डोळे त्या टाक्यांवरून हलेनात. सगळे टाके तांदळाच्या कणीएवढे, एकसारखे, आणि तरी यंत्रावर घातल्यासारखे मेलेले नव्हते. माझ्या वेड्यावाकड्या ओळींच्या मधून ते असे नेले होते, की माझ्या चुकाही मुद्दाम काढलेल्या नक्षीसारख्या दिसायला लागल्या होत्या. माझा एकही टाका उसवलेला नव्हता. त्या हातानं मला सांभाळून घेतलं होतं.

तिथेच फरशीवर बसून मला वाटलं, ही आई आहे. लुगडी तिची, बाळ तिच्या इंदूचं. दुसरं कोण येणार? ते मनात आलं आणि भीती एकदम निवळली. मी चक्क रडले. मग डोळे पुसले, दोऱ्याचं नवं रीळ काढून सुईशेजारी ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

४

त्यानंतर मी शिवलं नाही. रोज दुपारी जाऊन नुसती बघून यायची. एखाद्या मोठ्या गवयाकडे रियाजाच्या वेळी जाऊन कोपऱ्यात बसावं, तसं.

फेऱ्या आत आत येत गेल्या, पण मध्यापर्यंत पोचल्याच नाहीत. एका जागी त्या वळायला लागल्या. ओढ्यातलं पाणी दगडाला वळसा घालतं तशा ओळी एका कोऱ्या जागेला वळसा घालून जाऊ लागल्या. आधी मला तो आंबा वाटला, कोयरी वाटली. पुढे आकार पुरा झाला तेव्हा कळलं. वर एक लहानसा गोल, त्याला लागून वाकलेली पाठ, खाली दुमडलेले पाय. कुशीवर झोपलेल्या मुलाची जागा होती ती. आत एकही टाका नव्हता.

किती नाजूक कल्पना, असं मला वाटलं. मुलाला टाका टोचू नये म्हणून जागा सोडली.

पौषात इंदूला दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. रडली, पण मांजराच्या पिलाएवढंच. घरी आणली तरी अंग धरेना. दूध ओढायची नाही, ओढलं तर दमून जायची. शेगडीशेजारी ठेवली तरी हातपाय गार. इंदू तिच्याकडे बघायची, पण तिला नावानं हाक मारायची नाही, लाडाचा शब्द बोलायची नाही. मी ते ओळखलं. ती आधीच मागे सरकून उभी राहिली होती.

मला राहवलं नाही. मी ट्रंकेवरची गोधडी आणली.

"हे कधी केलंस?" इंदूचा चेहरा पांढरा पडला. "मी नको म्हणाले होते ना, ताई? नको म्हणाले होते!"

"रागाव मला. पण आधी बघ तरी."

तिनं पाहिलं. तिच्या हाताला कामातलं कळत होतं. बोटं ओळींवरून फिरत गेली आणि मध्येच थांबली. "हे तू नाही केलेलं."

"थोडं मी केलं," मी म्हटलं. "उरलेलं आईनं."

तिला वाटलं, जुन्या कुठल्या कामातून मी जोडलं. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. आम्ही गोधडी पलंगावर अंथरली आणि बाळाला त्या कोऱ्या जागेवर ठेवलं. बाळ आपणहून कुशीवर वळलं. गोलात डोकं, वळणावर पाठ, दुमडलेले पाय. जागा एका बोटानंही कमीजास्त नव्हती. मूल जन्मायच्या आधी कुणीतरी त्याचं माप घेतलं होतं.

थोड्या वेळानं तिचे तळपाय गरम लागले. संध्याकाळी ती दुधासाठी रडली, मोठ्यानं, रागानं. इंदू तिला पाजताना पहिल्यांदा म्हणाली, "अगं हो, हो, माझी बाय ती."

५

बारशाला तळेगावहून लीलाबाई आत्या आल्या. आमच्या वडिलांची थोरली बहीण, आईचं बाळंतपण त्यांनीच केलेलं. मुलीचं नाव सुमती ठेवलं. सुमती महिनाभरात गुटगुटीत झाली होती, गालाला खळी पडत होती. आत्यांनी तिला मांडीवर घेतलं, गोधडीचा काठ हातात धरून डोळ्यांजवळ नेला.

"काय गं हात हा! लोणावळ्यात मिळतात अशा बायका शिवायला?"

मी हळूच म्हटलं, "आत्या, आईचा हात असाच होता ना?"

आत्या पोट धरून हसल्या. "वहिनीचा? अगं, तिला साधं बटण लावता यायचं नाही! थांब, मी आणलंय काहीतरी."

त्यांनी पिशवीतून एक जुनं बाळाचं पांघरूण काढलं. आईनं इंदूच्या वेळी शिवलेलं, इतकी वर्षं त्यांच्याकडे राहिलेलं. इंदूच्या लेकीला द्यावं म्हणून आणलं होतं. मी ते खिडकीशी नेऊन पाहिलं. एक टाका लांब, एक आखूड. ओळ वळण घेत निघालेली. हुबेहूब माझा हात. गोधडीवरच्या माझ्या ओळी आणि ह्या ओळी कुणी शेजारी ठेवल्या असत्या, तर एकाच बाईच्या म्हटल्या असत्या.

बाहेरच्या खोलीत बायका पाळणा म्हणत होत्या. मी ते पांघरूण हातात धरून उभी राहिले. इतके दिवस मी जिला आई समजून रिळं पुरवत होते, ती आई नव्हती. मग मी घरात कुणाला येऊ दिलं होतं? आणि सुमती त्या क्षणी तिच्याच हाताच्या मापात झोपलेली होती.

६

बाळाला तेल लावायला आणि न्हाऊ घालायला सरूबाई यायची. कुरवंड्याच्या बाजूला तिची वाडी. सकाळी लवकर डोंगरकडेनं चालत यायची, आणि तिचं बोलणं दाराच्या आधी घरात शिरायचं. लेकरू तिच्या पायांवर पडलं की रडायचं विसरे.

बारशानंतर थोड्याच दिवसांनी, रविवार होता म्हणून मी घरी होते. सरूबाईनं न्हाणीत पाणी काढलं आणि बाळाला उचलायला खाली वाकली. गोधडी आता जमिनीवर अंथरलेली असे, पलंगावरून पडायला नको म्हणून. तिनं बाळाला उचललं आणि बाळाबरोबर गोधडीही उचलली गेली.

"आगं बया!" सरूबाई हसत सुटली. "बाई, तुमी पोरीला वाकळंलाच शिवली की वो! झबल्यातनं सुई गेलीया तुमची!"

"मी कुठे शिवलं?" मी धावले.

झबल्याची कड गोधडीला टाचलेली होती. पाठीच्या बाजूनं, खाली पायांपर्यंत. तेच टाके. झबल्याची मलमल पातळ, तिच्या आत बाळाची कातडी. सुई त्या दोन्हींच्या मधून गेली होती आणि बाळाच्या अंगावर लाल टिंबसुद्धा नव्हतं.

सरूबाई अजून हसत होती. ती टाके सोडवायला बसली. नखानं दोऱ्याची गाठ शोधू लागली. "गाठ कुटं मारलिया म्हनावं?" वर गाठ नव्हती. तिनं गोधडी उलटी केली. खालीही नव्हती. सगळे टाके खालून वर आलेले होते. तिचं हसणं थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फरशीवर तळवा ठेवून पाहिला, जिथे गोधडी होती तिथे.

"बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "मला काय बी ठावं न्हाई. पर पोरीला हितं निजवू नगा."

मी कात्री आणली. टाके कापले.  सुमती डोळे उघडे ठेवून पडली होती आणि गोधडीकडे बघत होती, मूल ओळखीच्या माणसाकडे बघतं तशी.

इंदू स्वयंपाकघरातून आली. मी गोधडी घडी करून उचललेली पाहून तिनं दार अडवलं.

"कुठे नेतेस?"

"इंदू, ऐक. हे आईचं काम नाही. कुणाचं आहे ते मला माहीत नाही. सरूबाईला विचार, आज काय झालंय."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "रोज होतं. मी रोज तू शाळेत गेलीस की सरूबाई यायच्या आत उसवते."

मी गोधडी छातीशी घट्ट धरली.

"ताई, आधीचे दोघे कुणी धरलेच नाहीत. माझ्या हातातून निसटले. हिला कुणीतरी धरून ठेवलंय. कोण ते मला सांगू नकोस. मला नाही ऐकायचं."

"आणि धरून ठेवता ठेवता घेऊन गेलं तर?"

ती दारातून हलली नाही.  पण मी मोठी होते. मी तिला बाजूला करून गोधडी ट्रंकेत घातली आणि कुलूप लावलं.

७

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर घरात रडण्याचा आवाज नव्हता. सुमती पाळण्यात होती, माझ्या नव्या शालीत गुंडाळलेली. ताप नाही, खोकला नाही. अंग मात्र सैल पडलं होतं. हात उचलून सोडला की पडे. डॉक्टर येऊन गेले. छाती स्वच्छ आहे म्हणाले, ऊब द्या म्हणाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. संध्याकाळी तिनं दूध घेतलं नाही. सकाळीही घेतलं नाही. ओठ मिटलेले आणि नखं निळसर.

सरूबाई आली. तिनं तेलाची वाटी खाली ठेवली, बाळाच्या गालाला हात लावला आणि पदर तोंडाशी नेला. ज्या बाईनं मला गोधडी काढायला सांगितलं होतं, तीच आता माझ्याकडे बघून म्हणाली, "आना, बाई. आना ती. जे काय हितं असंल ते असू द्या."

मी शाळेत निरोप पाठवला आणि ट्रंक उघडली.

मागच्या खोलीतच गोधडी अंथरली, जिथे ती शिवली गेली होती. ऊन फरशीवर आलं होतं. सुमतीला तिच्या जागेवर ठेवलं. इंदूला मी पुढच्या खोलीत बसायला सांगितलं. दोघींनी घाबरण्यात अर्थ नव्हता.

मी वाट पाहिली. काही झालं नाही. बाळाचा श्वास आहे की नाही, हे बघायला मला वाकावं लागत होतं. कान लावला, तर खालूनही काही येईना. सर्र नाही, टप् नाही. मला वाटलं, ती रागावली आहे. मग वाटलं, नाही, रागावलेली नाही. कात्री माझ्या हातात होती, टाके मी कापले होते. ती माझ्यासाठी थांबली आहे.

त्या घटकेला माझं डोकं कितीतरी कारणं सांगत होतं. मूल अशक्त आहे, उबदार जागा बदलली, अंगाला सवय लागते. सगळी कारणं बरोबर होती. मी ती बाजूला ठेवली आणि सुईत दोरा ओवला.

झबल्याची कड चिमटीत धरली. बाळाच्या पाठीमागे माझं बोट आड घातलं आणि सुई वरून खाली टोचली. झबलं, गोधडीचे पदर, आणि खाली फरशी. सुईचं टोक दगडाला लागून थांबायला हवं होतं.

ते थांबलं नाही. सुई खाली गेली, आणि कुणीतरी ती माझ्या बोटांतून ओढून घेतली. हिसका नव्हता. दोघी बायका एकाच गोधडीवर बसतात, एक वरून, एक खालून, तेव्हा सुई जशी घेतात तशी घेतली. दोरा माझ्या समोरून कापडात सरकत गेला. सर्र. ताण बसला. टप्.

मग कापड एका जागी खालून किंचित उचललं गेलं. बोटाचं टोक होतं ते. जुनं लुगडं इतकं विरलेलं, की त्याच्यातून उन्हात मला त्या बोटाचा रंग जवळजवळ दिसला. ते बाळाच्या पाठीशी जागा चाचपत होतं, आंधळं माणूस ओळखीच्या चेहऱ्यावरून हात फिरवतं तसं. जागा सापडली आणि सुई वर आली.

टोकाकडून आली असती तर मी किंचाळले असते. ती नेढ्याकडून वर आली. माझं बोट तिथे आहे हे तिला माहीत होतं. मला टोचू नये म्हणून तिनं सुई उलटी करून दिली होती.

मी ती घेतली.

पुढचा टाका मी घातला, त्याच्या पुढचा तिनं. माझा लांब गेला तर तिचा त्याला जुळवून घेई. पाठीच्या वळणापाशी मी अडखळले तेव्हा दोरा खालून जरासा ताणला गेला, इकडून घे असं सांगावं तसा. मी तसं केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून सरळ, बारीक, एकसारखे टाके पडले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. भीती होती. ती त्या वेळीही होती. पण हात थांबवावासा वाटेना.

सुमतीनं सुस्कारा टाकला. मग ओठ हलवले, मूठ तोंडात घातली आणि चोखू लागली. ऊन फरशीवरून सरकून भिंतीवर चढलं, तोवर आम्ही दोघी शिवत होतो.

८

होळीनंतर माधवराव नाशिकहून घ्यायला आले. सुमती तोवर मान धरायला लागली होती, ओळखीचं माणूस दिसलं की हुंकार द्यायची. सरूबाईनं तिची दृष्ट काढली आणि स्टेशनपर्यंत पोचवायला आली. इंदूच्या कडेवर बाळ, बाळाभोवती गोधडी. मी पुन्हा तो विषय काढला नव्हता, इंदूनंही नव्हता. त्या दुपारी मी दार उघडून बाळ तिच्या हातात दिलं होतं, एवढंच.

सुमती आता दहा वर्षांची आहे. धडधाकट, उंच, झाडावर चढणारी पोर. गोधडीचं काय झालं ते मी विचारत नाही.

त्या दिवशी स्टेशनात गाडी आली. माधवरावांनी इंदूची ट्रंक आत चढवली. इंदू खिडकीशी बसली, बाळाचा हात माझ्याकडे हलवून दाखवला. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा ती खिडकीतून वाकली, आणि इतके दिवस मनात ठेवलेली अगदी साधी गोष्ट विचारावी तसं तिनं विचारलं,

"ताई, त्या दुपारी आत तुम्ही दोघी एवढ्या कशाला हसत होतात गं?"

गाडी हलली. मी हात वर केला होता, तो तसाच राहिला. त्या दुपारी सबंध वेळ मी दात घट्ट आवळून बसले होते.